मोहर्ली-आगरझरी: आधी माहिती केंद्र, मग जंगल

चंद्रपूर शहरातून ताडोब्याला जाणारा सर्वांत जवळचा रस्ता दुर्गापूर, पद्मापूर, आगरझरी असा मोहर्लीला पोहोचतो. अंतर जेमतेम ३० किलोमीटर. पद्मापूरच्या वननाक्यापर्यंत आजूबाजूला कोळशाच्या खाणी, खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर आणि मागे औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसत राहतात. नाका ओलांडला की साग-बांबूचे रान सुरू होते. बहुतेक गाड्या हा खाणपट्टा काचा वर करून, एकदाचा संपू दे म्हणत पार करतात. अभ्याससहलीचा पहिला थांबा मात्र इथेच धरायला हवा. हा कोळसा म्हणजे सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडले गेलेले रानच आहे. त्या रानात ग्लॉसोप्टेरिस ही जिभेच्या आकाराच्या पानांची वनस्पती माजली होती आणि कोळशाच्या थरांलगतच्या खडकांत तिच्या पानांचे ठसे सापडतात. भूशास्त्रात या खडकांना ‘गोंडवाना’ म्हणतात. हे नाव जगभर गेले, पण पडले ते गोंडांच्या मुलखावरून.

नाक्यापलीकडचे रान हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे बफर क्षेत्र. ताडोब्याच्या जंगलात १९३५ पासून शिकारीला बंदी आली. १९५५ साली ११६.५५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. ते राज्यातले सर्वांत जुने. १९८६ मध्ये त्याला लागून ५०८.८५ चौरस किलोमीटरचे अंधारी अभयारण्य जाहीर झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. हा झाला गाभा, म्हणजे कोअर. त्याच्याभोवती जवळपास ११०० चौरस किलोमीटरचे बफर आहे. त्यात गावे आहेत, धानाची शेते आहेत, बोड्या म्हणजे लहान तळी आणि मालगुजारी तलाव आहेत, आणि वाघही आहेत. ताडोबा हे नाव तारू या गावप्रमुखावरून आले असे सांगतात. वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि लोकांनी त्याला देव मानले. ताडोबा तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात तिथे आदिवासी भाविक येतात. वाघाने मारलेला माणूस जंगलाचा देव होतो, या एका गोष्टीतून इथल्या माणसाचे आणि वाघाचे नाते बाहेरच्याला थोडेफार उमगते.

सहल आखताना पहिला निर्णय कोअर की बफर हा असतो. ‘ताडोबा केला’ म्हणायचे तर कोअरमध्येच जायला हवे, अशी समजूत आहे. ती सोडून दिलेली बरी. कोअरमध्ये गाडीतून उतरता येत नाही, वेळ ठरलेला असतो, आणि वाघामागे धावणाऱ्या गाड्यांत झाडे-पाखरे बघणे राहूनच जाते. लहान मुले, शाळेचा वर्ग किंवा पहिल्यांदाच जंगलात येणारे कुटुंब असेल, तर एक दिवस मोहर्लीचे निसर्ग माहिती केंद्र, आगरझरीचे फुलपाखरू उद्यान आणि इरई धरणाचे बॅकवॉटर यांना द्यावा. एक सफारी दुसऱ्या दिवशी करावी. क्रम हाच ठेवावा. आधी सफारी आणि मग माहिती केंद्र असे केले, तर केंद्रात पाऊल टाकेपर्यंत मुले पेंगुळलेली असतात आणि वाघ दिसला नसेल तर रुसलेलीही.

वर्षातून कधी जावे, याचे उत्तर काय बघायचे त्यावर अवलंबून आहे. कोअर क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यासाठी बंद असते, एरवी आठवड्यात मंगळवारी बंद असते. पावसाळ्यातही बफरची काही प्रवेशद्वारे सुरू राहतात, पण रस्त्यांच्या स्थितीनुसार ती केव्हाही बंद होऊ शकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रान दाट हिरवे असते. वाघ दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. पण फुलपाखरे आणि कोळी यांचा हंगाम हाच. गाडीच्या वाटेवर दोन झाडांमध्ये हातभर रुंद जाळी ताणून मोठे कोळी बसलेले असतात आणि एका जातीच्या जाळ्यावर फुलीसारखी पांढरी नक्षी विणलेली असते. डिसेंबर-जानेवारीत इरईच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरतात. मार्चमध्ये पळस फुलतो आणि मोह गळू लागतो. एप्रिल-मे हा वाघ दिसण्याचा काळ. पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर सगळ्यांनाच यावे लागते. त्याची किंमत उन्हात मोजावी लागते. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर सहज जातो आणि उघड्या जिप्सीत सावली नसते. डोक्या-कानाला दुपट्टा, भरपूर पाणी आणि सोबत मीठ-साखर एवढे उन्हाळ्यात हवेच. याच्या उलट डिसेंबरच्या पहाटे त्याच उघड्या गाडीत बोटे बधिर होतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे विदर्भ म्हणजे ऊन एवढेच धरून येतात आणि गेटवर कुडकुडत उभे राहतात.

माहिती केंद्रात शिरल्यावर भिंतीवरचे फलक ओळीने वाचत सुटू नये. तीन-चार गोष्टी नीट शिकून बाहेर पडले तरी पुष्कळ झाले. त्यांतली पहिली म्हणजे पावलांचे ठसे. वाघाच्या ठशात चार बोटे आणि मागे तळव्याची मोठी गादी उमटते. गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात. नखे उमटत नाहीत, कारण मांजरकुळातले प्राणी चालताना नखे आत घेतात. रानकुत्रा आणि तरस यांच्या ठशांत नखांची टोके दिसतात. अस्वलाच्या ठशात पाच बोटे आणि पुढे लांब नखांच्या रेघा असतात, आणि त्याच्या मागच्या पायाचा ठसा तर अनवाणी माणसाच्या पावलाची आठवण करून देतो. बिबट्याचा ठसा वाघासारखाच, पण बराच लहान. वाघाच्या मागच्या पायाचा ठसा साधारण चौकोनी असेल तर तो नर आणि लांबट असेल तर मादी, असे वनरक्षक ओळखतात. मुलांनी हे ठसे वहीत काढून घ्यावेत. बांधकामाच्या ओल्या रेतीत घरचे मांजर आणि गल्लीतले कुत्रे चालवून पाहिले, तर नखांचा फरक घरीच पडताळता येतो आणि तो मग विसरत नाही.

दुसरी गोष्ट वाघ मोजण्याची. पूर्वी ठशांवरून गणना होत असे. वनरक्षक काचेवर ठसा गिरवून घेत आणि तज्ज्ञ ते वेगवेगळे लावत. या पद्धतीत एकच वाघ दोनदा मोजला जाण्याचा धोका मोठा होता. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात कागदावर वाघ असताना रानात एकही उरला नाही, हे २००५ मध्ये उघड झाले. त्यानंतर ती पद्धत मागे पडली. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. समोरून प्राणी गेला की ते आपोआप चित्र टिपतात. कॅमेरे दोन लागतात, कारण वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकच बाजू टिपली, तर डाव्या बाजूचा वाघ आणि उजव्या बाजूचा वाघ हे दोन की एकच, ते कळणार नाही. मुलांना हे समजावताना अंगठ्याच्या ठशाचे उदाहरण चटकन पटते.

तिसरी गोष्ट झाडांच्या सालींची. उन्हाळ्यात पानगळ झाल्यावर पानांवरून झाड ओळखण्याची सोयच राहत नाही, तेव्हा साल कामी येते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटींची असते. तेंदूची काळी आणि भेगाळलेली. कुलूचे खोड पांढरेफटक. त्याचे पापुद्रे सुटतात आणि चांदण्यात ते एकटे उभे दिसते, म्हणून त्याला भुत्याही म्हणतात. बिज्याच्या सालीवर घाव बसला की रक्तासारखा लाल चीक येतो. यांपैकी चार झाडे केंद्राच्या आवारात किंवा रस्त्याकडेला सापडली, तर हात लावून बघावे. सफारीत ती संधी मिळत नाही.

आगरझरीचे फुलपाखरू उद्यान मोहर्लीच्या अलीकडे, चंद्रपूरच्या बाजूला आहे. तिथे जाण्याची वेळ चुकू नये. फुलपाखरे थंड रक्ताची. अंगाला ऊन लागल्याशिवाय ती उडत नाहीत. पहाटे गेले तर उद्यान रिकामे वाटते. सकाळी नऊ-साडेनऊनंतर ते जागे होते. नजर फुलांवर ठेवण्यापेक्षा पानांवर ठेवली तर जास्त दिसते. मादी वाटेल त्या झाडावर अंडी घालत नाही. काही जातींना लिंबू-कडीपत्त्याचे कूळ लागते, काहींना रुई, काहींना पानफुटी. म्हणूनच अशा बागेत शोभेच्या फुलझाडांइतकीच रुईसारखी ‘बिनकामाची’ झुडपे मुद्दाम राखलेली असतात. लिंबाच्या पानावर पांढऱ्या-करड्या रंगाचा एखादा ठिपका दिसला, पक्ष्याची शीट असावी असे वाटले, तर पुन्हा निरखून बघावे. तो सहसा छोटा सुरवंट निघतो. पक्ष्याने खाऊ नये म्हणून त्याने पक्ष्याच्याच विष्ठेचे रूप घेतलेले असते. वाढल्यावर तो हिरवा होतो, आणि डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे शिंगासारखे अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतो. डिवचू नये हे खरे, पण एकदा तरी मुले ते करतातच. ओलसर मातीवर घोळक्याने बसलेली फुलपाखरे मातीतले क्षार शोषत असतात आणि त्यांत बहुतेक नर असतात. निळ्या-काळ्या पंखांचे मोठे ‘निलवंत’ हे राज्याचे फुलपाखरू आहे. २०१५ साली त्याला हा मान मिळाला. असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य.

इरई धरणाचे पाणी चंद्रपूर शहराला आणि औष्णिक वीज केंद्राला जाते. पद्मापूरच्या अलीकडे मागे राहिलेली धुराडी आणि आगरझरीला बॅकवॉटरमध्ये फिरवणारी बोट यांचा संबंध इथे लागतो. ज्या पाण्यावर वीज तयार होते, त्याच पाण्याच्या काठावर हिवाळ्यात चक्रवाक आणि पट्टकादंब उतरतात. पट्टकादंबांच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात आणि हे पक्षी हिमालय ओलांडून येतात. बोटीत बसताना जीवरक्षक जाकीट घालून घ्यावे, दुर्बीण असेल तर ती गळ्यात अडकवावी. बॅकवॉटरच्या काठाने पाण्यात उतरून चालणे टाळावे, कारण ताडोब्याच्या तलावांत मगरी आहेत. बफरचा काठ रिकामा दिसला तरी तिथे कोण येऊन गेले, हे गाळातले ठसे सांगतील. ते ठसे काठावर उभे राहूनच वाचावेत.

सफारीचे आरक्षण ऑनलाइन होते आणि सुट्ट्यांच्या दिवसांचे फार आधी संपते. ज्या ओळखपत्राच्या आधारे आरक्षण केले तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावे लागते. झेरॉक्स चालत नाही, हे बरेच जण गेटवर पोहोचल्यावरच शिकतात. गाडीत सहा पर्यटक, एक चालक आणि एक गाइड बसतो. गाइड घेणे सक्तीचे आहे. सफारीत मोबाईलला बंदी आहे, म्हणून छायाचित्रे हवी असतील तर कॅमेरा आणावा. अंगावर खाकी, मातकट किंवा गडद हिरवे कपडे असावेत. पांढरा आणि लाल नको, अत्तर नको. गाडीत डबा उघडू नये आणि गाडीतून खाली उतरू नये, मग टोपी उडून पडली तरी.

गाइड हे मोहर्ली आणि आसपासच्या गावांतले तरुण-तरुणी असतात. मोहर्लीच्या बाजूला महिला गाइडही आहेत. त्यांना पहिल्याच मिनिटाला “वाघ कुठे आहे?” असे विचारले की सफारीला तीच दिशा मिळते आणि गाडी इतर गाड्यांच्या मागे धावू लागते. त्याऐवजी “हे झाड तुमच्याकडे कशाला वापरतात?” असे विचारून पाहावे. गाइडची आई मोह वेचत असते, घरच्या बैलाला वाघाने नेलेले असते, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी असतात. हे सगळे विचारल्यावरच निघते. फलकावर यातले काही लिहिलेले नसते.

रानात कान डोळ्यांइतकेच उपयोगी पडतात. चितळाचा तीक्ष्ण ‘कुक्’, सांबराचा जड ‘ढँक्’, वानराचा खाकरल्यासारखा आवाज आणि भेकराचे भुंकणे या धोक्याच्या सूचना आहेत. गाइड याला ‘कॉल’ म्हणतात. चितळ घाबरट. बिबट्या, रानकुत्रा किंवा नुसती हालचाल पाहूनही ते ओरडते. सांबर मात्र सहसा उगाच ओरडत नाही. सांबराचा कॉल दोन-तीनदा आला की गाइड गाडी बंद करायला सांगतो. अशा वेळी सगळ्यांनी गप्प राहण्याची ती पाच मिनिटे हीच खरी सफारी असते. वाघ दिसला तर उत्तम. नाही दिसला तरी तो तिथे आहे हे दुसऱ्या प्राण्याच्या आवाजावरून कळणे काही कमी नाही. वाटेकडेच्या झाडावर वाघाने हद्द आखण्यासाठी फवारा मारलेला असेल, तर तिथे चिन्नोर तांदूळ शिजताना येतो तसा वास येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण सुगंधी तांदळातले वासाचे द्रव्य वाघाच्या त्या फवाऱ्यातही असते. वारूळ पुढून उकरलेले दिसले तर तिथे अस्वलाने वाळवी ओढून खाल्ली आहे. नीलगाईला इथे रोही म्हणतात, आणि गवा वाघाइतकाच रुबाबदार असूनही त्याच्यासाठी कोणी गाडी थांबवत नाही, ही गाइडांची नेहमीची तक्रार.

कोअरमधली काही मोठी कुरणे लक्ष देऊन बघावीत. जामणी, नवेगाव या जागी पूर्वी गावे होती. व्याघ्र प्रकल्पासाठी ती बाहेर हलवली गेली आणि शेतांच्या जागी गवत वाढले. आज तिथे चितळांचे कळप दिसतात, म्हणून तिथे वाघही दिसतो. कुरणात मध्येच एखादे आंब्याचे किंवा चिंचेचे झाड उभे असेल, तर ते कुणाच्या तरी अंगणातले असण्याची शक्यता आहे. अशा झाडाजवळ गाइडला गावाबद्दल जरूर विचारावे.

बफरमधल्या गावांत फिरताना वेगळी सावधगिरी लागते. राज्यातले सर्वाधिक वाघ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत आणि वाघ-माणूस संघर्षही इथेच सर्वांत तीव्र आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ती उचलायला बायका अंधारातच झाडाखाली जातात आणि वाकून वेचतात. वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, असे जाणकार सांगतात. अस्वलालाही मोह आवडतो. मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याचा हंगाम येतो, तेव्हाही हाच धोका. पाहुण्यांनी पहाटे व तिन्हीसांजेला पायी भटकू नये, रिसॉर्टच्या कुंपणाबाहेर ‘जरा फेरी मारून येतो’ हे करू नये, आणि गावकऱ्यांनी इकडून जाऊ नका म्हटले तर हुज्जत घालू नये. मोहाच्या झाडाखाली पाला जाळलेला दिसला, तर त्यामागे फुले स्वच्छ जागेत पडावीत एवढाच हेतू असतो. पण असाच विस्तव पुढे वणवा होतो. जंगलात विडी-सिगारेटला मनाई आहे ती त्यामुळे.

शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी वनविभागाकडे आधी पत्र द्यावे आणि मुलांची संख्या, इयत्ता आणि राहण्याची गरज स्पष्ट लिहावी. बफर गावांतल्या विद्यार्थ्यांसाठी ताडोबा व्यवस्थापन ‘चला माझ्या ताडोबाला’ हा उपक्रम चालवते. जंगलाच्या काठावर राहूनही ज्यांनी जंगल गाडीतून कधी पाहिलेले नसते, अशा मुलांना त्यातून निसर्ग शिक्षण आणि सफारी मिळते. बाहेरून येणाऱ्या शाळांनी मुलांचे लहान गट पाडावेत. प्रत्येक गटाला एकच काम द्यावे, एकाला साली, एकाला पाखरे, एकाला किडे, एकाला फक्त आवाज. चाळीस मुलांच्या रांगेपुढे एकच गाइड बोलत राहिला, तर शेवटच्या दहा मुलांना काहीच ऐकू येत नाही. छापील प्रश्नपत्रिका देण्याचा मोह आवरावा. मुले उत्तरे फलकावरून उतरवतात आणि फुलपाखराकडे बघतच नाहीत.

दोन दिवस चंद्रपूरला दिल्यावर आणखी तीन दिवस हाताशी असतील, तर गडचिरोलीकडे वळावे. तिकडे बंदिस्त माहिती केंद्रे कमी आहेत, जागाच शिकवतात. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे फक्त वडशापर्यंत, म्हणून चंद्रपूर किंवा बल्लारशाहून गोंडपिपरी, आष्टीमार्गे आलापल्लीला स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने जाणे सोयीचे. प्रवास उजेडी संपवावा. हा भाग दीर्घकाळ नक्षलग्रस्त राहिला आहे. आता परिस्थिती पुष्कळ निवळली असली तरी आत जाण्यापूर्वी वनविभागाच्या कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात चौकशी करणे हा इथला शिरस्ता आहे. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा मोठा असतो, म्हणून मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सोबत असावेत. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गडचिरोलीला गेल्याचे आवर्जून सांगावे. पावसाळ्यात हा प्रवास करूच नये. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो.

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा जंगलाचा तुकडा आहे. क्षेत्र अवघे सहा हेक्टरांच्या आसपास. २०१४ मध्ये तो राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. आलापल्लीचे सागवान इंग्रजांच्या काळापासून प्रसिद्ध आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून जे सागवान गेले, ते याच पट्ट्यातले. इतक्या मोलाच्या लाकडाच्या मुलखात या तुकड्याला कुऱ्हाड लावलेली नाही, यातच त्याचे महत्त्व आले. तिथे पोहोचण्यापूर्वी रस्त्याकडेला सागाची लागवड लागते. झाडे ओळीत, एकाच वयाची, एकाच जाडीची, खाली जवळपास काही नाही. ती मुद्दाम थांबून बघावी आणि मग ग्लोरीत शिरावे. इथे वर सागाचे आणि इतर झाडांचे छत, त्याखाली मधल्या उंचीची झाडे, त्याखाली बांबू, त्यांना वेढे घालत चढलेल्या जाडजूड वेली, आणि जमिनीवर पडून कुजणारी खोडे. ती पडलेली खोडे हलवत नाहीत. त्यांच्यावर बुरशी, वाळवी, भुंग्यांच्या अळ्या जगतात आणि त्यांच्यावर सुतार पक्षी. लागवड आणि रान यांतला फरक पुस्तकात चार पानांत समजावतात. इथे तो पाव तासाच्या अंतरात डोळ्यांना दिसतो.

कमलापूर इथे राज्यातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प आहे. पूर्वी लाकूड ओढण्याच्या कामावर असलेल्या हत्तींचा हा वारसा. थंडीत हत्तींच्या पायांना औषधी वनस्पतींचा गरम लेप देऊन शेकतात. याला ‘चोपिंग’ म्हणतात आणि त्या दिवसांत कॅम्प पर्यटकांसाठी बंद असतो. जानेवारीत जाणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे. कॅम्पातले हत्ती वेगळे आणि २०२१ पासून छत्तीसगडातून जिल्ह्यात आलेले रानटी हत्ती वेगळे. त्या कळपाची बातमी ज्या भागातून असेल तिकडे फिरकू नये.

जंगल आणि माणसे यांचा आजचा करार समजून घ्यायचा असेल, तर धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे हे देशातले अगदी सुरुवातीचे गाव. तो हक्क २००९ मध्ये मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ नंतर आपल्या हद्दीतला बांबू ग्रामसभेमार्फत विकायला सुरुवात केली. ही गावे म्हणजे पर्यटनस्थळे नाहीत. भेट घ्यायची तर ग्रामसभेला आधी कळवावे, तिने दिलेल्या वेळेला जावे, आणि दोन तास बसून ऐकण्याची तयारी ठेवावी.

शेवटचा मुक्काम सिरोंचा. प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते, तिथले हे गाव. इथे बाजारात मराठीबरोबर तेलुगू ऐकू येते. याच तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे खेडे आहे आणि त्याच्या नावावरून ज्युरासिक काळातल्या एका खडकसमूहाला भूशास्त्रज्ञ ‘कोटा’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या खडकांत माशांचे जीवाश्म मिळत आले आहेत. नदीपलीकडे, आजच्या तेलंगणात, याच खडकांतून एका अजस्र शाकाहारी डायनासोरची हाडे निघाली. त्याला ‘बारापासोरस टागोराय’ असे नाव दिले गेले. बारा पा म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोराय रवींद्रनाथांवरून, कारण उत्खनन त्यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९६१ साली झाले. अलीकडच्या काठावर वडधम इथे वनविभागाने जीवाश्म उद्यान राखले आहे. तिथे दगड झालेली झाडांची खोडे बघायला मिळतात. खोडाच्या पेशींमध्ये पाण्यातले खनिज हळूहळू भरत गेले, लाकूड गेले आणि आकार राहिला. म्हणून दुरून ओंडका वाटतो आणि हात लावला की थंड दगड.

वडधमला जाताना आलापल्ली-अहेरीला इंधन आणि पाणी भरून घ्यावे. ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे, उघड्या माळावर सावली नाही. वनरक्षकाला सोबत घ्यावे, कारण कोणता दगड नुसता दगड आणि कोणता खोड, हे सवय नसलेल्या डोळ्यांना कळत नाही. घरी नेण्यासाठी एकही तुकडा उचलू नये. कुतूहलापोटी हातात घेऊन पाहिलाच, तर तो जिथे होता तिथे, ज्या बाजूवर पडला होता त्याच बाजूवर परत ठेवावा. झाड कोणत्या दिशेने पडले, पाणी कुठून कुठे वाहत होते, हे अभ्यासक अशाच पडलेल्या तुकड्यांच्या जागांवरून काढतात.